जगातल्या राजकारणाची झळ आपल्या पिकाला कुठून लागते, ते कसं ओळखायचं

कुठल्यातरी लांबच्या देशाने दुसऱ्याच्या मालावर टॅरिफ लावला, कुठे युद्ध पेटलं, कुठे कालव्यात जहाज अडकलं, आणि आठ-दहा दिवसांत आपल्या पिकाचा भाव हलतो. कधी वर, कधी खाली आणि कधी हलतच नाही, आणि हे न हलणंच माणसाला जास्त गोंधळात टाकतं, कारण बातमी तर एवढी मोठी होती. याचं उत्तर बातमीत शोधून मिळत नाही. आपलं पीक जगाच्या बाजाराशी कुठल्या मार्गाने जोडलंय ते आधी माहीत असावं लागतं, मग बातमी ऐकल्या ऐकल्या कळतं की ही आपल्यासाठी आहे का नाही. हा मार्ग शोधायला अर्थशास्त्र शिकायची गरज नाही, एक वही आणि थोडी आकडेमोड पुरते.

आधी आपल्या पिकाच्या दोन हद्दी काढा

सगळ्यात महत्त्वाचं काम हेच आहे, म्हणून इथे घाई करू नका. प्रत्येक पिकाच्या भावाला एक वरची हद्द असते आणि एक खालची. वरची हद्द म्हणजे बाहेरून माल मागवला तर तो गिरणीवाल्याला किंवा प्रोसेसिंगवाल्याला केवढ्याला पडेल, कारण त्याच्यापेक्षा जास्त तो तुम्हाला कशाला देईल. खालची हद्द म्हणजे तुमचा माल बाहेर विकला तर सगळा खर्च जाऊन हातात काय उरेल, कारण त्याच्यापेक्षा खाली भाव जायला लागला की एक्स्पोर्टवाला येऊन माल उचलतो.

समजा जागतिक बाजारात एका धान्याचा भाव बंदरावर टनाला ४०० डॉलर आहे. जहाजाचं भाडं आणि विमा धरून ५०, म्हणजे तुमच्या देशाच्या बंदरात तो माल ४५० ला पडला. त्यावर २० टक्के इम्पोर्ट ड्युटी म्हणजे ९०, झाले ५४०. बंदरापासून गिरणीपर्यंत ३०, एकूण ५७०. तुमच्या शेतातून त्याच गिरणीपर्यंत न्यायला २० लागतात असं धरा, म्हणजे तुम्हाला जास्तीत जास्त ५५० मिळू शकतात. आता उलट बाजू. तुमचा माल तुमच्याच बंदरावर ४०० ला विकला जातोय, बंदराचा खर्च ३०, शेतापासून बंदर २०, हातात ३५०. म्हणजे भाव ३५० ते ५५० च्या मध्ये कुठेतरी फिरणार. देशात पीक कमी आलं तर वरच्या बाजूला, भरपूर आलं तर खालच्या बाजूला.

आता यात राजकारण घालून बघा. सरकारने महागाईला घाबरून इम्पोर्ट ड्युटी शून्य केली, की वरची हद्द ५५० वरून सरळ ४६० वर येते, तुमच्या शेतात काहीही बदललेलं नसताना. एक्स्पोर्ट बंद केला तर खालची हद्द राहतच नाही, भाव ३५० च्या खाली किती जाईल ते फक्त देशातल्या स्टॉकवर ठरतं. जहाजाचं भाडं वाढलं तर वरची हद्द वर सरकते आणि खालची खाली (कारण बाहेरचा खरेदीदार ते जादा भाडं तुमच्या भावातून कापतो), म्हणजे जो देश ते पीक बाहेरून आणतो तिथल्या शेतकऱ्याला फायदा आणि जो देश बाहेर विकतो तिथल्या शेतकऱ्याला तोटा, बातमी तीच असूनसुद्धा. म्हणूनच दुसऱ्या कुणाला एखाद्या बातमीने फायदा झाला तर आपल्यालाही होईल असं धरून चालू नका.

तुमचे खरे आकडे टाकून हे गणित एकदा करा. आकडे थोडे इकडेतिकडे झाले तरी चालतील. आजचा भाव वरच्या हद्दीला टेकलाय का खालच्या, एवढं कळलं तरी अर्धं काम झालं. वरच्या हद्दीला टेकला असेल तर ड्युटीच्या बातम्यांवर डोळा ठेवा, खालच्या हद्दीला असेल तर एक्स्पोर्टच्या. मधोमध असेल तर जगाच्या बातमीने काही दिवस फार फरक पडणार नाही, आणि बातमी मोठी असूनही भाव का हलला नाही त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

डॉलरचा रेट याच गणितात येतो. तुमच्या देशाचं चलन डॉलरपुढे १० टक्के पडलं तर हे सगळे आकडे तुमच्या चलनात साधारण १० टक्क्यांनी वर जातात, जगात भाव जागचा हलला नसला तरी. आणि उलटंही असतं, स्पर्धक देशाचं चलन पडलं की तिथला शेतकरी डॉलरमध्ये कमी भावालाही खुशीने विकतो. सोयाबीन पिकवणारे म्हणून ब्राझीलच्या चलनाकडे बघत असतात.

मग बघा की जगात ते पीक कोण विकतं आणि कोण घेतं

यात एकच प्रश्न विचारायचा, विकणारे आणि घेणारे किती जण आहेत. जगात पिकणाऱ्या गव्हातला साधारण चौथा भाग देशाबाहेर जातो, तांदळाचा मात्र दहावा भागच. आणि त्या दहाव्या भागातला ४० टक्क्यांच्या आसपास एकटा भारत विकतो. पाम तेलात इंडोनेशिया आणि मलेशिया हे दोनच देश बाजार धरून आहेत. सोयाबीनमध्ये घेणारा एकच मोठा, चीन, जगात विकल्या जाणाऱ्या सोयाबीनमधलं निम्म्याहून जास्त तोच घेतो. जिथे विकणारा किंवा घेणारा एक-दोनच, तिथे एका सरकारच्या एका सहीने सगळं हलतं. जिथे आठ-दहा देश विकतात तिथे एक बाहेर पडला तरी बाकीचे भरून काढतात, वेळ लागतो पण काढतात.

एक्स्पोर्ट बंदी एकदम येत नाही, पायऱ्या असतात

भारताने तांदळाच्या बाबतीत काय केलं ते क्रमाने बघा, शिकायला याच्यापेक्षा चांगलं उदाहरण नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये तुकडा तांदळाच्या एक्स्पोर्टवर बंदी आणि साध्या पांढऱ्या तांदळावर २० टक्के एक्स्पोर्ट ड्युटी. जुलै २०२३ मध्ये बिगर-बासमती पांढऱ्या तांदळावर सरळ बंदी. ऑगस्टमध्ये उकड्या तांदळावर २० टक्के ड्युटी आणि बासमतीला टनामागे १२०० डॉलरची किमान एक्स्पोर्ट किंमत, म्हणजे त्याच्या खाली बाहेर विकायचंच नाही, जी ऑक्टोबरमध्ये ९५० वर आणली. सप्टेंबर २०२४ मध्ये बंदी उठली, पण ४९० डॉलरची किमान किंमत लावून, आणि पुढच्या महिन्यात तीही काढली. बंदीनंतर बाहेर थायलंड-व्हिएतनामच्या तांदळाचे भाव पंधरा वर्षांत पाहिले नव्हते इतके वर गेले. म्हणजे एकाच निर्णयाने एका देशातल्या शेतकऱ्याचा भाव दाबला आणि दुसऱ्या देशातल्या शेतकऱ्याचा वर नेला.

बहुतेक देशांत हा क्रम असाच काहीसा असतो. आधी महागाईबद्दल मंत्र्यांची विधानं, मग व्यापाऱ्यांवर स्टॉक लिमिट, मग किमान किंमत नाहीतर एक्स्पोर्ट ड्युटी, मग बंदी. उठतानाही पायरी पायरीने उठतं. निवडणूक जवळ असेल आणि पाऊस कमी असेल तर पायऱ्या भराभर चढल्या जातात. स्टॉक लिमिट लागली की निदान थोडा तरी माल विकून मोकळं व्हावं असं माझं स्पष्ट मत आहे, अजून वाढेल म्हणून सगळाच माल धरून बसणं तेव्हा जोखमीचं असतं.

इंडोनेशियात २०२२ मध्ये काय झालं तेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. देशात खायचं तेल महागलं म्हणून २८ एप्रिलला पाम तेलाचा एक्स्पोर्ट बंद केला. जगाच्या बाजारात तेल टंचाईत असताना तिथल्या गिरण्यांच्या टाक्या भरून गेल्या, जायला जागा नाही, त्यामुळे गिरण्या फळ घेईनात, आणि पामचं फळ तोडल्यावर एक-दोन दिवसांत गाळावं लागतं, ते ठेवून देता येत नाही. छोटे बागायतदार जकार्तात रस्त्यावर उतरले आणि २३ मेला बंदी उठली. चार आठवडेसुद्धा पुरते झाले नाहीत पण ज्याचं फळ त्याच आठवड्यांत तोडणीला आलं त्याचं नुकसान कोण भरून देणार. म्हणून नाशवंत पीक असेल तर सगळी तोडणी किंवा काढणी एकाच आठवड्यात येईल अशी लागवड शक्यतो करू नये.

टॅरिफच्या भांडणात पहिला घाव शेतीवर का बसतो

दोन मोठे देश भांडले की उत्तर द्यायला शेतमाल निवडला जातो, कारण तो दुसरीकडून मिळतो आणि त्याचा चटका थेट मतदारांना बसतो. ६ जुलै २०१८ ला चीनने अमेरिकन सोयाबीनवर २५ टक्के जादा टॅरिफ लावला. शिकागोचा भाव, म्हणजे अमेरिकेतल्या शिकागोच्या वायदे बाजारातला भाव, जो जगभर आधार म्हणून धरतात, दहा वर्षांच्या नीचांकाच्या आसपास आला, पण त्याच वेळी ब्राझीलच्या बंदरावर त्याच सोयाबीनला शिकागोच्या वर मोठा प्रीमियम, म्हणजे जादा भाव, मिळत होता. जगात सोयाबीन काही कमी झालं नव्हतं आणि खाणारेही तेवढेच होते, फक्त कुणी कुणाकडून घ्यायचं ते बदललं. अमेरिकन सरकारने शेतकऱ्यांसाठी २०१८ मध्ये १२०० कोटी आणि २०१९ मध्ये १६०० कोटी डॉलरपर्यंतची मदत जाहीर केली, असं करायची ऐपत सगळ्या सरकारांची नसते. २०२५ मध्ये टॅरिफ पुन्हा वाढले तेव्हा चीनने अमेरिकेच्या नव्या हंगामाचं सोयाबीन कित्येक आठवडे घेतलंच नाही, आणि सप्टेंबरमध्ये अर्जेंटिनाने काही दिवसांसाठी एक्स्पोर्ट टॅक्स शून्य केला तेव्हा तिकडून जहाजंच्या जहाजं उचलली.

यातून कामाची गोष्ट काय, तर अशा बातमीत फक्त शिकागोचा भाव बघून काही कळत नाही. आपल्या जवळच्या बंदराचा किंवा मोठ्या खरेदीदाराचा भाव शिकागोपेक्षा किती वर किंवा खाली आहे तो फरक बघायचा, त्याला बेसिस म्हणतात. दर आठवड्याला वहीत लिहीत गेलात तर दोन हंगामांत तुम्हाला कळायला लागेल की भाव जगामुळे पडलाय का इथल्याच कारणाने.

आणि गेलेलं गिऱ्हाईक लगेच परत येतं असं समजू नका. अमेरिकेने जून १९७३ मध्ये देशातली महागाई रोखायला सोयाबीनचा एक्स्पोर्ट अडवला, काही महिन्यांत निर्बंध उठलेही, पण जपान इतका हादरला की पुढे त्याने ब्राझीलच्या सेराडो भागात शेती उभी करायला पैसा आणि तंत्रज्ञान दिलं. आज सोयाबीन विकण्यात ब्राझील अमेरिकेच्या पुढे आहे. त्याला कारणं बरीच आहेत पण सुरुवातीच्या कारणांत हे एक नक्की. उलट ऑस्ट्रेलियाच्या बार्लीवर चीनने मे २०२० मध्ये ८०.५ टक्के ड्युटी लावली तेव्हा ऑस्ट्रेलियाने सौदी अरेबियासारखी दुसरी गिऱ्हाईकं धरली, भाव कमी मिळाला पण माल पडून राहिला नाही, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये ती ड्युटी उठली. तुमचं पीक एकाच देशात जात असेल तर दुसरा खरेदीदार कोण होऊ शकतो हे बाजार चांगला असतानाच शोधून ठेवा, थोडा माल त्याला कमी भावात दिला तरी हरकत नाही.

युद्धाची बातमी आली की

इथे भीती आणि खरी टंचाई वेगळी करायची. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला, मार्चच्या सुरुवातीला शिकागोचा गहू विक्रमी भावाला पोचला, आणि जुलैपर्यंत युद्धाआधीच्या पातळीच्या आसपास परत आला. काळ्या समुद्रातून धान्य बाहेर काढायचा करार २२ जुलैला झाला, म्हणजे भाव त्याच्या आधीच उतरले होते, कारण उत्तर गोलार्धात नवं पीक हाताशी येत होतं. १७ जुलै २०२३ ला रशिया त्या करारातून बाहेर पडला, दोन-तीन दिवस जोरात उसळी आली आणि ऑगस्टच्या मध्यापर्यंत भाव आधीपेक्षाही खाली, कारण रशियाकडे स्वतःचाच भरपूर गहू होता आणि तो विकायचा होता. युद्धाच्या उसळीत विकण्यासारखा माल हातात असेल तर काही भाग विकून टाकावा. पण उसळी बघून पुढच्या हंगामाचं सगळं क्षेत्र त्याच पिकाखाली नेऊ नये, तुमचं पीक यायला चार-सहा महिने लागतात आणि तोपर्यंत जगातले बाकीचे शेतकरीही तोच विचार करून पेरून बसलेले असतात.

शेजारच्या देशातलं युद्ध भाव पाडूही शकतं हे पोलंड, रोमानियाच्या शेतकऱ्यांनी अनुभवलं. समुद्राची वाट अडली म्हणून युक्रेनचं धान्य रस्त्याने आणि रेल्वेने त्यांच्याकडे आलं आणि बरंचसं तिथेच राहिलं, जगात भाव चढे असताना त्यांचे स्थानिक भाव पडले, मग आंदोलनं झाली आणि २०२३ मध्ये युरोपियन युनियनला पाच देशांसाठी तात्पुरते निर्बंध आणावे लागले.

समुद्राच्या वाटेचं थोडक्यात. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले तेव्हा बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली, दहा-बारा दिवस जास्त आणि भाडंही जास्त. त्याच वर्षी पनामा कालव्यात पाणी कमी पडलं म्हणून रोजची जहाजं कमी केली. अशा वेळी वर केलेलं हद्दींचं गणित नव्या भाड्याने परत करायचं, एवढंच.

विकायच्या भावाआधी खताकडे बघा

बहुतेक जण भावाच्या बातम्या ऐकतात आणि खताच्या सोडून देतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त पैसा इथे जातो. युरिया नैसर्गिक वायूपासून बनतो, अमोनियाच्या खर्चात ७०-८० टक्के वाटा वायूचाच. म्हणून वायू महागला की युरिया महागतो, त्याला शेतीतलं कुठलंच कारण लागत नाही. २०२१ च्या शेवटी युरोपात वायू महागला, तिथल्या खत कारखान्यांनी उत्पादन कमी केलं, ऑक्टोबरमध्ये चीनने खताच्या एक्स्पोर्टवर तपासणीची अट घालून माल अडवला, आणि फेब्रुवारी २०२२ पासून बेलारूसच्या पोटॅशची लिथुआनियामधून जाणारी वाट बंद झाली. म्हणजे युद्ध सुरू व्हायच्या कितीतरी आधीच खताचा बाजार ओरडून सांगत होता. पोटॅश मुख्यतः कॅनडा, रशिया आणि बेलारूस या तीन देशांतून येतं, फॉस्फेटमध्ये चीन आणि मोरोक्को मोठे, त्यामुळे या पाच नावांच्या आणि वायूच्या बातम्या आल्या की कान टवकारायचे.

वहीत एक साधा आकडा ठेवा. एक टन युरिया घ्यायला किती क्विंटल धान्य विकावं लागतं. हा आकडा दर महिन्याला काढा. नुसता खताचा भाव बघण्यापेक्षा हा जास्त खरा, कारण खत आणि धान्य दोन्ही महागलं तर तितकं अडत नाही, पण धान्य उतरलं आणि खत तिथेच राहिलं की गळा आवळला जातो, आणि २०२२ नंतर बऱ्याच ठिकाणी असंच झालं. आकडा नेहमीपेक्षा खाली असेल आणि साठवायची सोय असेल तर पुढच्या हंगामाचं थोडं खत आधीच घेऊन ठेवा. वर असेल तर माती परीक्षण करून कमी खताच्या पिकाचा, द्विदल पिकाचा विचार करा, निदान काही क्षेत्रावर.

ड्युटी नसलेली अडवणूक

टॅरिफ शून्य असूनही माल परत येऊ शकतो. युरोपियन युनियनने २०२० मध्ये क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकाची मंजुरी संपवली आणि मालात उरणाऱ्या त्याच्या अंशाची मर्यादा किलोला ०.०१ मिलिग्रॅमवर आणली, त्यामुळे जे औषध तुमच्या देशात कायदेशीर आहे ते मारलेला माल तिकडे चालत नाही. नोव्हेंबर २०१३ पासून चीनने अमेरिकन मक्याची जहाजं परत पाठवली, कारण त्यात त्यांनी मंजूर न केलेलं एक जीएम (जनुक बदललेलं) वाण सापडलं, मंजुरी मिळाली डिसेंबर २०१४ मध्ये. अशी अडवणूक कधी खरोखर आरोग्यासाठी असते आणि कधी राजकारणासाठी, बाहेरून सांगता येत नाही. तुमच्या हातात एवढंच की कुठलं औषध, किती, कुठल्या तारखेला मारलं आणि बियाणं कुठलं याची नोंद ठेवायची, आणि खरेदीदाराला पेरणीआधीच विचारायचं की माल कुठल्या देशात जाणार. ही नोंद असणाऱ्याचा माल दुसऱ्या देशात वळवता येतो.

काय बघायचं आणि किती

रोज मोबाईलवर भाव बघत बसू नका, जीव टांगणीला लागतो आणि निर्णय चुकतात. महिन्यातून तीन गोष्टी बघितल्या तरी पुरे. अमेरिकेच्या कृषी खात्याचा जागतिक मागणी-पुरवठ्याचा अहवाल, तो दर महिन्याला साधारण दुसऱ्या आठवड्यात येतो. एफएओचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेचा, अन्न किंमत निर्देशांक, दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात. आणि एएमआयएस नावाचं व्यासपीठ, जे २०११ मध्ये जी-२० देशांनी उभं केलं आणि गहू, मका, तांदूळ, सोयाबीन या चारच पिकांवर लक्ष ठेवतं. अहवालात आधी शेवटी उरणारा साठा बघा, म्हणजे हंगाम संपताना जगात किती माल शिल्लक राहणार. साठा भरपूर असेल तर राजकारणाची उसळी टिकत नाही, साठा कमी असेल तर छोट्या बातमीनेही भाव उडतो. चीनचा साठा मोठा असतो पण तो बाजारात येत नाही, म्हणून चीन सोडून बाकी जगाचा आकडा वेगळा बघितला तर चित्र जास्त खरं दिसतं.

विकताना तुकडे करा. काढणीला थोडा, मग ठरवलेल्या भावाला थोडा, मग ठरवलेल्या तारखेला थोडा, आणि हे काढणीआधी लिहून ठेवा, कारण बातमी आल्यावर डोकं शांत राहत नाही. फ्युचर्सची, म्हणजे पुढच्या तारखेचा भाव आजच ठरवणाऱ्या वायदे बाजाराची, सोय असेल तर शेतकरी कंपनी किंवा गटामार्फत वापरा, एकट्याने सट्टा म्हणून मुळीच नको. आणि आधीच भाव ठरवून करार करत असाल तर सही करायच्या आधी एक कलम शोधा, सरकारने एक्स्पोर्ट बंद केला किंवा ड्युटी बदलली तर माल कोण उचलणार, कुठल्या भावाने, आणि साठवणुकीचा खर्च कोण भरणार. हे कलम नसेल तर सही करण्याआधी घालून घ्या, आणि खरेदीदार नाही म्हणत असेल तर त्याला सगळा माल देऊ नका, थोडाच द्या.